पत्ता आणि जात

‘गोपनीयता ही पांढरपेशांची चैन आहे. आपल्या माणसाच्या पोटात अन्न नाही आणि तुम्ही त्याच्या मोबाइलची काळजी करता!’ २०२० च्या टाळेबंदीत ‘आरोग्य सेतू’विषयी बोलताना चळवळीतल्या एका मित्राने मला असे सुनावले होते. त्याचा राग मी समजू शकतो. त्याचे म्हणणे मात्र मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही.

२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने हे अ‍ॅप आणले. नाव, वय, लिंग, व्यवसाय, फोन क्रमांक ही माहिती नोंदणीच्या वेळीच सरकारी सर्व्हरवर जाई. जवळ कोण आले हे ब्लूटूथ टिपे. जोडीला माणूस कोठे आहे हे जीपीएस टिपे. माझा आक्षेप येथे आहे. कोण कोणाच्या जवळ आले एवढे कळले की सावध करता येते. मग कोठे, हे कशाला हवे? सवर्णाचा पत्ता नुसता पत्ता असतो. आपल्या वस्तीचा पत्ता सांगितला की जात वेगळी सांगावी लागत नाही.

दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. युरोपातील संशोधकांनी त्याच महिन्यात ‘डीपी-३टी’ ही पद्धत मांडली. तिच्यात फोन नावाऐवजी निरर्थक आकडे सोडतो आणि थोड्या थोड्या वेळाने ते बदलतो. ऐकलेले आकडे फोनमध्येच राहतात. लागण झालेल्याने स्वतः होकार दिला तरच त्याच्या आकड्यांच्या किल्ल्या सर्व्हरवर जातात, आणि जुळणी ज्याच्या त्याच्या फोनमध्ये होते. कोण कोणाला भेटले याचा नकाशा सरकारच्या हाती पडत नाही. जर्मनीचे जून २०२० चे अ‍ॅप याच धर्तीचे होते. अर्थात ज्याच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्याला दोन्हीचा उपयोग शून्य.

आपल्याकडे १ मेच्या आदेशाने सरकारी-खासगी सर्व कर्मचाऱ्यांवर सक्ती झाली. १७ मे रोजी ती सैल केली गेली. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ सालीच एकमताने सांगितले होते.

अ‍ॅप येण्याआधी, मार्चमध्ये, महाराष्ट्रात घरी विलग राहायचे त्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारत. असे शिक्के दिसले म्हणून पालघरला चार प्रवाशांना रेल्वेतून उतरवले गेले. ते जर्मनीहून आलेले होते. अंगावर खूण वागवणे म्हणजे काय, हे त्यांना शाई पुसेपर्यंत कळले असेल.

मित्राला मी हे सारे सांगितले. तो काही बोलला नाही. ‘आरोग्य सेतू’ त्याच्याही फोनमध्ये होते; दाखवल्याशिवाय त्याला कामावर घेत नव्हते.