मागणे आणि सोपवणे

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आपण ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून पाठ्यपुस्तकात बसवले आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तला विनोद तोंडभर वाखाणला. एवढे केले की मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे आपले देणे फिटले, असा एक समज रसिकांत आहे. या दोघांच्या आयुष्याचा आस ज्या गोष्टीवर होता ती गोष्ट म्हणजे प्रार्थना. तिच्याकडे मात्र समीक्षक सहसा फिरकत नाही. ती धर्माची बाब, वाङ्मयाची नव्हे, असे तो मनाशी ठरवून टाकतो. गंमत अशी की तुकोबांच्या बाबतीत त्याला ही अडचण कधी येत नाही. तुकोबा विठ्ठलाशी भांडले की ते काव्य, आणि टिळक ख्रिस्तापुढे रडले की तो उपदेश! हा भेद मला कधीच कळलेला नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय थोडा जड वाटेल खरा. पण ज्या घरात कुणी आजारी आहे, कुणाचे जाणे अजून ताजे आहे, अशा घरांतही दिवाळी येतच असते.

प्रार्थनेविषयी ख्रिस्ती शास्त्र माणसाला दोन गोष्टी सांगते आणि वरवर पाहता त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पहिली, मागत राहा. लूकच्या शुभवर्तमानात येशूने एका विधवेचा दृष्टान्त दिला आहे. न्यायाधीश ना देवाला भिणारा, ना माणसाची भीड धरणारा. तरी ती रोज त्याच्या दाराशी जाते आणि शेवटी तिच्या कटकटीला कंटाळून तो न्याय देऊन टाकतो. दुसरा दृष्टान्त याहून घरगुती. मध्यरात्री पाहुणा आला, घरात भाकर नाही, म्हणून एकजण शेजाऱ्याचे दार ठोठावतो. आतला म्हणतो, मुले निजली आहेत, आता कोण उठणार! पण ठोठावणे थांबत नाही, तेव्हा तो उठतो. देवाची तुलना अशा न्यायाधीशाशी आणि अशा झोपाळू शेजाऱ्याशी करण्याचे धाडस ज्याने केले, त्याला माणसाच्या हट्टाविषयी आदर होता, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट, स्वतःची इच्छा सोडून दे आणि बापाची इच्छा पत्कर. हे ख्रिस्ताने नुसते शिकवले नाही, गेथशेमाने बागेत करून दाखवले. आता कुणीही विचारील की, शेवटी त्याचीच इच्छा चालायची असेल तर दार ठोठवायचे कशाला?

बहुतेक उपदेशक या प्रश्नाला बगल देतात. मला त्याचे उत्तर बागेतल्या त्या प्रसंगाच्या बांधणीतच दिसते. येशू एकदा प्रार्थना करून उठत नाही. तो तीनदा जातो, तीनदा तेच मागणे मागतो, मध्ये येऊन पाहतो तर सोबती झोपलेले. हा प्याला टळावा ही इच्छा तो लपवत नाही. सोपवण्याचे शब्द त्याच्या तोंडी आहेत. पण ते मागण्याच्या पाठोपाठ येतात, मागण्याच्या जागी येत नाहीत. पौलानेही आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केल्याचे लिहून ठेवले आहे. काटा निघाला नाही. पण मी मागितलेच नव्हते, असा आव तो आणत नाही. जुन्या करारातला ईयोब तर मागण्याच्याही पलीकडे जाऊन देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र शहाणे, शास्त्र जाणणारे. सारे काही न्यायानेच घडते आहे, असे ते त्याला समजावत राहतात. शेवटी देव ईयोबालाही खूप काही सुनावतो, परंतु माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, असा ठपका ठेवतो तो त्या मित्रांवर.

या एकाच कसोटीवर मला आपले ख्रिस्ती भक्तिवाङ्मय पाहावेसे वाटते. स्वाधीन होण्यापूर्वी माणूस खरोखर झगडला आहे का? की त्याने सरळ शेवटचे वाक्य उचलले आहे?

ही कसोटी मला पुस्तकात सापडली नाही. मी कोलशेतला राहतो. ठाण्याच्या खाडीकाठचे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. पुढे कारखान्यांचे झाले, आणि आता कारखान्यांच्या जागी तीस-तीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले आहेत. गणपती विसर्जनाच्या घाटावर गेले तरच खाडी अजून शाबूत आहे याची खात्री पटते. आमच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब आहे. त्यांच्या तरुण मुलाची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला न्यावे लागते. त्यांच्याकडे प्रार्थनेला मंडळी जमतात, मीही कधी मागे जाऊन बसतो. एकदा सगळे गेल्यावर त्या बाई मला म्हणाल्या, “काका, लोक येतात, चांगली प्रार्थना करतात आणि जाताना ‘देवाची इच्छा’ म्हणून जातात. देवाची इच्छा काय आहे, ते मला अजून त्यानं सांगितलेलं नाही. तोवर मी मागत राहणार.” बाईंचा स्वर रागाचा नव्हता. चहाचे कप गोळा करता करता त्या बोलल्या.

‘देवाची इच्छा’ हे शब्द ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्याने म्हणावेत, आणि तेही सगळे मागून झाल्यावर. दुसऱ्याच्या दुःखावर ते आपण ठेवले की ते ईयोबाच्या मित्रांचे बोलणे होते. आपल्या शोकसभांतली निम्मी भाषणे आणि भक्तिगीतांच्या पुस्तकांतली कितीतरी पदे याच जातीची आहेत. पहिल्या कडव्यात संकट आणि दुसऱ्या कडव्यात समाधान! मधली रात्र कुठे गेली, हे कुणी विचारायचे नाही.

ही मधली रात्र आमच्या ठाण्याने फार पूर्वी पाहिली आहे. 1321 साली येथे चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला दोमिनिकन पंथाचा जोर्दान त्या वेळी दुसरीकडे होता. परत येऊन त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि तो एकटा उरला. नंतर दोन-तीन वर्षांनी त्याने ठाण्याहून आपल्या बांधवांना लिहिलेले लॅटिन पत्र आज उपलब्ध आहे. त्यात दुखणी आहेत, कैद आहे, शिव्याशाप आहेत, एकटेपणाचा आक्रोश आहे आणि आणखी माणसे पाठवा ही विनवणी आहे. संतचरित्रकाराला हे पत्र अडचणीचेच वाटावे, इतके ते कण्हते. मला मात्र त्याची तक्रार त्याच्या श्रद्धेइतकीच मोलाची वाटते. तक्रार करीत करीत तो इथेच टिकला. पुढे 1329 मध्ये त्याला कोल्लमचा बिशप नेमण्यात आले.

मराठीत हे दुःख प्रथम उतरले ते पुराणांच्या रूपाने. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला छापले गेले, त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. उत्तर कोकणात फ्रान्सिस्कु व्हाज द गिमाराइश याचे दुःखभोगाचे पुराण अधिक जवळचे ठरले. ते 1659 सालचे. लिपी रोमन, बोली वसई-साष्टीकडची. स्टीफन्सच्या ओवीची घडण त्यात नाही, पंडितांनी त्याला खालच्या पायरीवर बसवले तर मी वाद घालणार नाही. पण 1737 ते 1739 या काळात ठाणे आणि वसई मराठ्यांकडे आली, फिरंगी सत्ता गेली, तरीही हे पुराण इथल्या घरांत राहिले आणि 19 व्या शतकात मुंबईत पुन्हा छापले गेले. साऱ्या शुभवर्तमानातून लोकांनी जवळ धरली ती दुःखभोगाची कथा, म्हणजे बाग, क्रूस आणि क्रुसापाशी उभी असलेली आई. ही निवड मला फार बोलकी वाटते.

आता टिळकांकडे येतो. 1895 मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी ख्रिस्ती उपासनेला तिचा स्वतःचा कंठ दिला. त्यांच्या आधी पाश्चात्त्य चालींवर बसवलेली गीते पुष्कळ होती. त्यांत देव राजा होता आणि भक्त अर्जदार. टिळकांनी अभंग आणला, आणि अभंगाबरोबर ‘माउली’ आली. ख्रिस्ताला आई म्हणणे हा केवळ अलंकार नव्हता. अर्जदाराने फार मागितले तर ते उद्धटपणाचे होते. पण लेकराने आईचा पदर धरून हट्ट केला तर ते त्याच्या हक्काचेच असते. विधवेचा दृष्टान्त मराठीत कुणी खऱ्या अर्थाने उतरवला असेल, तर तो टिळकांच्या या एका संबोधनाने. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणी सांगत. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या त्या देहूच्या वाण्याने देवाशी उभा दावा मांडला होता. त्या पुलावरून येणाऱ्याला भांडणाची भीती वाटायचे कारण नव्हते.

तरीही माझे मत स्पष्ट सांगतो. टिळकांच्या अनेक पदांत स्वाधीनता फार लवकर येते. वृत्तावर हुकमत, प्रासाला तोटा नाही. मन अजून दाराबाहेरच घुटमळत असते आणि शब्द आत जाऊन बसलेले असतात. माणूस मात्र तसा नव्हता. संतापी, उधळ्या हाताचा, घरातून एकाएकी नाहीसा होणारा, 1917 मध्ये मिशनची नोकरी टाकून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरवणारा हा गृहस्थ सहजासहजी कुणाच्या स्वाधीन होणारा नव्हे, मग तो देव का असेना! जिथे हा स्वभाव ओळीत शिरतो, तिथली त्यांची प्रार्थना अव्वल दर्जाची आहे.

हा स्वभाव आपल्याला कुणी दाखवला? लक्ष्मीबाईंनी. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. प्रार्थनेवरचे मराठीतले श्रेष्ठ पुस्तक मी त्यालाच म्हणेन, आणि ते ऐकून बाईंना प्रथम हसूच आले असते. त्यात प्रार्थनेविषयी प्रवचन नाही. आहे तो हकीकतींचा ढीग. वडिलांचे सोवळे, नवऱ्याचा संताप, रिकामे डबे, प्लेग, दुसऱ्यांची पोरे. पण नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी येते तेथून पुढची पाने पाहा. बाई कोसळल्या. शाळा न शिकलेल्या या बाईने त्या धक्क्यात पदे रचली. साधारण पाच वर्षे ती दोघे वेगळी राहिली. त्या काळात त्यांचे मागणे एकच होते, नवरा परत यावा, आपल्या घरात, आपल्या धर्मात. हे मागणे ख्रिस्ताकडे नव्हते, ते त्यांच्या स्वतःच्या देवांकडे होते. त्या पंढरपुरातही राहिल्या. आणि घडले काय? नवरा परत आला नाही, त्याच त्याच्याकडे गेल्या. गेल्या त्याही सोवळे सांभाळून. पुढे जातिभेदाची गाठ त्यांच्या त्यांनीच सोडवली आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला.

आता या प्रार्थनेला उत्तर मिळाले म्हणायचे की नाही? संसार जुळला, म्हणजे मिळाले. पण मागितले होते त्याच्या नेमके उलटे घडले, म्हणजे मिळाले नाही. दुसरा कुणी लेखक असता तर त्याने इथे ‘ईश्वरी योजना’ हा शब्द वापरून वाचकाची सुटका केली असती. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्या पाच वर्षांचे दुःख पुढच्या सुखाच्या खात्यावर वळते करायला त्या तयार नाहीत. रडल्या ते रडल्या, भांडल्या ते भांडल्या. म्हणूनच पुढे जेव्हा त्या शांतपणे स्वीकारतात तेव्हा आपला त्यांच्यावर विश्वास बसतो. त्यांचा विनोदही मला इथे उपयोगी पडलेला दिसतो. जो माणूस आपल्या हट्टाला हसू शकतो, त्याला तो हट्ट सोडण्याची घाई नसते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच वळणाचे, फक्त त्यांच्याकडे हसू नाही. 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेले बायबलचे भाषांतर त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळे होत आले होते. त्यांच्या त्या कठोर, संस्कृत टाळणाऱ्या मराठीत मला कधी कधी दगड फोडल्याचा आवाज येतो. अलीकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ 2010 मध्ये दिले, तेव्हा गेथशेमानेची ती रात्र प्रथमच आपल्या रोजच्या बोलण्याच्या अंतरावर आली.

टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ नावाचे महाकाव्य आरंभिले होते. 9 मे 1919 रोजी ते वारले, त्या वेळी सुरुवातीचे थोडे अध्यायच लिहून झाले होते. बागेचा प्रसंग, क्रूस, सगळे पुढेच राहिले. लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले. काव्य म्हणून ते सर्वत्र सारख्या उंचीचे नाही. नवऱ्याच्या ओवीचा डौल त्यांना साधत नाही आणि तो साधण्याचा त्यांनी फारसा प्रयत्नही केलेला दिसत नाही. घर, नातवंडे, येणारे-जाणारे सांभाळत त्यांनी एकामागून एक चौसष्ट अध्याय लिहिले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचे निधन झाले. शेवटचा अध्याय राहिला होता, तो त्यांच्या मुलाने, देवदत्ताने, पुरा केला.