साबणाच्या पाण्याची अपुरी साक्ष

गोबर-वायूची नवी नळी स्वयंपाकघरात आली की एक सूचना हमखास मिळते : 'जोडांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले नाहीत, तर गळती नाही.' यातील पहिल्या वाक्याबद्दल आमची तक्रार नाही. आक्षेप आहे तो दुसऱ्या वाक्यावर.

वर्धा जिल्ह्याला हा विषय परका नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने गोबर-वायूसह अनेक ग्रामीण तंत्रांवर काम केले आहे. अशा परिसरात तरी ही सूचना तपासून घ्यायला हवी.

बुडबुडा आला तर गळती आहे, हे सिद्ध होते. तो आला नाही, तर फक्त एवढेच कळते की जेथे पाणी लावले तेथून त्या वेळी दिसण्याजोगा वायू निघत नव्हता. भिंतीत किंवा जमिनीखाली गेलेल्या नळीपर्यंत कुंचला पोचतच नाही. शिवाय नव्या संयंत्रात शेण भरल्यावर वायू साठायला काही आठवडे लागतात. नळीत दाबच नसेल, तर भोक असूनही बुडबुडा कोठून येणार? दाबाचा उल्लेख मात्र या सूचनेत नसतो.

ही केवळ शब्दांची चिकित्सा नव्हे. गोबर-वायूत साधारण ६० टक्के मिथेन असतो. बंद खोलीतील हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले, तर एक ठिणगी स्फोटाला पुरते. हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो खरा, पण नाक त्याला लवकर सरावते.

मग करावे काय? शाळेतली यू-नळी येथे कामी येते. संयंत्राकडची झडप आणि शेगडीचा कॉक बंद करून नळीत सायकलच्या पंपाने जपून हवा भरावी. या चाचणीत वायू वापरायचा नाही. टी-जोडाने लावलेल्या यू-नळीत पाण्याच्या पातळ्यांत २० सेंटिमीटर फरक आणावा. तरंगत्या टाकीच्या संयंत्रातील दाब सुमारे १० सेंटिमीटर पाण्याइतका असतो, त्याच्या हा दुप्पट झाला. स्थिर घुमटाच्या संयंत्रात दाब बराच जास्त असतो, तेथे यू-नळी अधिक लांब हवी.

ही पद्धत किती सूक्ष्म आहे ते पाहा. नळीत ४ लिटर हवा आहे असे धरू. वातावरणाचा दाब सुमारे १०३३ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. म्हणून पातळ्यांतील फरक १ सेंटिमीटरने घटला, तर सुमारे ४ घन सेंटिमीटर हवा निसटली. म्हणजे चमचाभरसुद्धा नाही!

पण यू-नळीचीही उलटतपासणी घ्यायला हवी. बंद नळीतील हवा १ अंश सेल्सिअसने तापली, तर तिचा दाब सुमारे १/३०० पटीने, म्हणजे ३ सेंटिमीटर पाण्याहून अधिक वाढतो. वर्ध्याच्या मे महिन्यात अंगणातून गेलेल्या नळीवर ऊन चढू लागले की गळती असूनही पाणी स्थिर दिसेल. उलट, ढग आला तर निर्दोष नळीही गळकी वाटेल. तोंडाने हवा फुंकली, तर ती निवताना हाच घोटाळा होतो. म्हणून चाचणी पहाटे, ऊन येण्यापूर्वी घ्यावी. हवा भरल्यावर थोडे थांबून पहिली नोंद करावी, अर्ध्या तासाने दुसरी. दोन्ही वेळा तापमानही लिहावे.

पाणी उतरले, तर मग साबणाचे पाणी घ्यावे आणि दाब असतानाच गळतीची जागा शोधावी. यू-नळी काढल्यावर जो जोड पुन्हा बसवला, त्याचीही वायू सोडल्यावर अशीच तपासणी करावी. काडी ओढून गळती शोधणे मात्र कधीही नको.

गळती आहे की नाही हे दाब सांगतो, कोठे आहे हे साबण सांगतो. विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेताना शिक्षकांनी सूचनेतील दुसरे वाक्य खोडून तेथे असे लिहावे : 'बुडबुडे दिसले नाहीत, तर नळीत दाब होता का, ते आधी पाहा.'