डावी बाही, उजवी बाही

गी साजेर यांचे ‘ल सोल्दा ऊब्लिये’, म्हणजे ‘विसरलेला सैनिक’, हे पुस्तक १९६७ साली फ्रेंचमध्ये आले आणि १९७१च्या लिली एमेट यांच्या इंग्रजी अनुवादातून जगभर वाचले गेले. वडील फ्रेंच, आई जर्मन, राहणे अल्सासमध्ये. असा कोवळ्या वयाचा मुलगा जर्मन सैन्यात शिरतो आणि ‘ग्रोसडॉइचलांट’ डिव्हिजनबरोबर रशियातील थंडी, चिखल, माघार भोगतो. साजेर हे आईचे माहेरचे आडनाव. लेखक म्हणजे फ्रेंच चित्रकथाकार गी मूमिनू.

१९९२ साली एडविन केनेडी या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने ‘आर्मी हिस्टरी’ या नियतकालिकात प्रश्न केला : ही आठवण की कादंबरी? त्यांच्या आक्षेपांपैकी एक फार गाजला. डिव्हिजनच्या नावाची पट्टी उजव्या बाहीवर असे. साजेर डाव्या बाहीवर शिवतात. ज्या पट्टीचा सैनिकांना एवढा अभिमान, तिची जागा कोण विसरेल? १९९७ साली डग्लस नॅश यांनी त्याच नियतकालिकात साजेर यांची बाजू घेतली. खुद्द साजेर यांचे म्हणणे असे की तारखा आणि तुकड्यांची नावे हा आपला विषयच नव्हता. आपण लिहिले ते जे वाटले त्याविषयी.

मला बाहीचा पुरावा दोन्हीकडून लंगडा वाटतो. पंचवीस वर्षांनी माणूस बाही चुकू शकतो. उलट बनावट लिहिणारा एखादे संदर्भपुस्तक उघडून ती बिनचूक लिहील. एका अस्सल चिठोऱ्यापुढे साऱ्या बखरी फिक्या, हा राजवाड्यांचा दंडक मराठीत आपण मानत आलो. पण तो वापरायला चिठोरे उरलेले हवे. एप्रिल १९४५मध्ये पॉट्सडॅमवर बाँब पडले तेव्हा जर्मन सैन्याच्या दप्तराचा मोठा भाग जळाला. अशा दप्तरात एखाद्याचे नाव सापडले नाही, एवढ्यावरून तो तिथे नव्हता असे ठरत नाही.

अनुवादक म्हणून मला वेगळा पेच दिसतो. हे पुस्तक मराठीत आणताना ‘डावी’ची ‘उजवी’ करावी का? मी करणार नाही. ती चूक साक्षीचा भाग आहे. ती पुसली की पुढच्या वाचकाच्या हातून तपासाचे साधनच जाते. फार तर तळटीप द्यावी. मात्र मुखपृष्ठावर ‘आठवणी’ छापायचे की ‘कादंबरी’, हे तळटिपेने सुटत नाही. ‘आठवणी’ म्हटले की वाचक प्रत्येक क्रियापद घडलेले म्हणून वाचतो. मराठीत ऐकीव गोष्टीला ‘म्हणे’ जोडायची सोय आहे; ती साजेर यांच्या वाक्यांना लावण्याचा अधिकार मला नाही.

म्हणूनच ‘मी फक्त भावना लिहिल्या’ हा बचाव मला अपुरा वाटतो. भावना कुणाच्या, कुठे उभे राहून, हे ठिकाण आणि तारखेशिवाय कळत नाही. या पुस्तकात क्रौर्याचे प्रसंग आहेत, पण पूर्व आघाडीच्या मागे चाललेल्या ज्यूंच्या संहाराला जवळजवळ जागा नाही. त्या संहाराची कागदपत्रे मात्र उरली आहेत, आणि जर्मन सैन्याचा त्यातील सहभागही त्यांत आहे. एका कोवळ्या पोराला ते दिसलेच नसेल, दिसून लिहिले नसेल, किंवा तो त्या जागी नसेलही. यांतले खरे काय, हे ठरवायला तो कोणत्या महिन्यात कोणत्या गावी होता हेच लागते. आणि नेमके तेच ‘बिनमहत्त्वाचे’ म्हणून बाजूला ठेवले जाते.

केनेडींनी तपासायला घेतले यात त्यांचे चुकले नाही. पण वाद बाहीपाशी अडकला की साजेर यांच्या चाहत्यांना सोपे जाते : एवढीशी पट्टी, सोडून द्या! पट्टी सोडून देऊ. गाव आणि महिना सोडता येणार नाही, कारण त्या गावांत दुसरेही लोक होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांना आठवणी लिहायला पुढची पंचवीस वर्षे मिळाली नाहीत.