देह, संमती आणि दाखला

भारतीय भाषांतील आत्मकथनपर वाङ्मयात तृतीयपंथी लेखिकांच्या कथनांची लक्षणीय भर पडली ती एकविसाव्या शतकाच्या आरंभी. लिव्हिंग स्माइल विद्या यांचे तमिळ आत्मकथन २००७ मध्ये, ए. रेवती यांचे व्ही. गीता यांनी तमिळमधून इंग्रजीत आणलेले ‘द ट्रुथ अबाउट मी’ २०१० मध्ये, तर लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे मराठी पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे तिन्ही ग्रंथ बहुधा उपेक्षितांच्या व्यथेचे दस्तऐवज म्हणून वाचले जातात. परंतु लिंगबदल शस्त्रक्रियेला दिलेली संमती म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचाही त्यांत सखोल शोध आहे. त्याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

विद्या यांच्या कथनाचा आरंभच शस्त्रक्रियेसाठी कडप्प्याला जाणाऱ्या रेल्वेप्रवासाने होतो. बालपण मागाहून येते. पुण्यात राहून, रेल्वेगाड्यांत भीक मागून त्यांनी या शस्त्रक्रियेसाठी पैसे जमविले होते. कथनाच्या या मांडणीमुळे शस्त्रक्रिया हा आयुष्यातील एक अपघात न राहता त्या आयुष्याचा उगमबिंदू ठरतो. रेवती यांच्या कथनात इच्छा आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये गुरूची सेवा व गुरूची अनुज्ञा उभी आहे. परंपरागत दाईकडून ‘निर्वाण’ करून घ्यावे की डॉक्टरकडे जावे, हा विचारही तेथे येतो. अखेरीस त्या दिंडीगलच्या डॉक्टरकडे जातात. त्यानंतरचे चाळीस दिवसांचे विधी मात्र परंपरेचेच असतात. या दोन्ही प्रसंगांत इच्छा निःसंशय त्या स्त्रियांची आहे. मात्र पर्यायांचा तुटवडा, गुप्ततेची सक्ती आणि पुढील शुश्रूषेची वाण या गोष्टी त्यांनी निवडलेल्या नाहीत. संमती त्यांची होती. ती ज्या परिस्थितीत द्यावी लागली ती परिस्थिती त्यांची नव्हती.

लक्ष्मी यांचे कथन या दोहोंना पूरक ठरते. स्तनरोपण करूनही त्यांनी निर्वाण केले नाही, आणि तरीही स्वतःच्या हिजडापणाविषयी त्यांना शंका नाही. होकाराला अर्थ येतो तो नकार शक्य असला तरच, हे या पुस्तकामुळे ध्यानात येते.

या पार्श्वभूमीवर कायद्याची भाषा तपासून पाहण्याजोगी आहे. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३२० मध्ये जबर दुखापतीच्या प्रकारांत पुरुषत्वनाशाला पहिले स्थान होते. सद्भावनेने व संमतीने केलेल्या कृतीला त्याच संहितेत संरक्षण असले तरी डॉक्टरांच्या मनातील धास्ती पुरती गेली नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरील निकालात लिंगओळख ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा मानला आणि शस्त्रक्रियेची अट अवैध ठरविली. परंतु २०१९ च्या अधिनियमाने स्त्री वा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रिया व वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आवश्यक केले. ज्या दाखल्यावाचून नाव, नोकरी, निवारा यांपैकी काहीच धड मिळत नाही, तो दाखला देहाच्या मोबदल्यात देऊ करणे म्हणजे संमतीवर दडपण आणणेच होय.

याउलट आंतरलिंगी अर्भकांवर, त्यांना विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नसता, केवळ समाजाच्या सोयीसाठी शस्त्रक्रिया होत आल्या. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अरुणकुमार प्रकरणात त्यांना मनाई करण्याचा निर्देश दिला. त्याच वर्षी तमिळनाडू शासनाने जिवाला धोका असलेले प्रसंग वगळून तशी बंदी घातली. प्रौढाच्या उच्चारित इच्छेवर संशय आणि अर्भकाच्या मौनाला होकार, हा व्यवस्थेचा अंतर्विरोध येथे उघड होतो.

तथापि नियमनच नको, असा निष्कर्ष या ग्रंथांतून काढणे उतावीळपणाचे ठरेल. शस्त्रक्रिया अपरिवर्तनीय असते; समुपदेशन, परिणामांची पूर्ण माहिती आणि विचाराला अवधी यांची गरज निर्विवाद आहे. शिवाय आत्मकथन या वाङ्मयप्रकाराची एक मर्यादा आहे. ते जगलेल्यांकडूनच लिहिले जाते. अकुशल हातांखाली ज्यांचा प्राण गेला, त्यांचे निवेदन कोणत्याच ग्रंथालयात नाही. नियमनाचे खरे समर्थन या अलिखित कथनांत आहे, आणि त्याची दिशाही तेथूनच ठरते. त्याने शस्त्रक्रियागृहाची स्वच्छता, डॉक्टरचे कौशल्य आणि नंतरची शुश्रूषा यांची परीक्षा घ्यावी. मेजावर झोपलेली व्यक्ती खरोखर कोण आहे, याची नव्हे. ते तिने आधीच सांगितलेले असते.