गोड शेवटाची किंमत

मागच्या व्याख्यानात ॲरिस्टॉटल झाला. आज आम्ही बागेतल्या मातीच्या बुटक्यांबद्दल बोलणार आहोत. हसू नका, विषय शोकांतिकेचाच आहे.

२०११ साली ‘नोमिओ अँड ज्युलिएट’ हा ॲनिमेशनपट आला. दिग्दर्शक केली ॲस्बरी, गाणी एल्टन जॉनची. इंग्रजांच्या परसबागेत उंच टोपीचे दाढीवाले बुटके मांडायची पद्धत आहे, त्यांना ‘नोम’ म्हणतात. त्यावरून रोमिओचा नोमिओ झाला. गाव स्ट्रॅटफर्ड, म्हणजे शेक्सपिअरचं जन्मगाव. शेजारी शेजारी दोन बागा, एकीत निळे बुटके, दुसरीत लाल. माणसांची पाठ वळली की ते जिवंत होतात आणि भांडतात. निळ्यांचा मुलगा, लालांची मुलगी. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

फक्त शेवट वेगळा आहे. इथं दोघं जगतात.

यावर विद्वान मंडळी नाकं मुरडतात: ‘पोरांसाठी शेक्सपिअर बाटवला.’ आम्हाला हा आक्षेप पटत नाही. गोड शेवटाची गरज मुलांना लागते, असं कुणी सांगितलं? १६८१ मध्ये नेहम टेटनं ‘किंग लिअर’चा शेवट बदलून कॉर्डेलियाला जगवली, आणि पुढं दीडशेच्या आसपास वर्षं इंग्रज रंगभूमीवर तेच चाललं. प्रेक्षक प्रौढ होते. डॉ. जॉन्सनसारख्या कठोर माणसालाही कॉर्डेलियाचा मृत्यू पुन्हा वाचवत नव्हता. उलट १८०७ मध्ये चार्ल्स आणि मेरी लँब या भावंडांनी मुलांसाठी शेक्सपिअरच्या गोष्टी लिहिल्या, त्यात रोमिओ-ज्युलिएट मरतातच. म्हणजे मुलांना सोसत नाही, हे काही खरं नव्हे.

मग प्रश्न कुठला? शेक्सपिअर नाटकाच्या आरंभीच सांगून टाकतो की हे दोघं मरणार, आणि त्यांच्या मरणाशिवाय आईबापांचं वैर मिटणार नाही. रहस्य काही ठेवतच नाही. त्यामुळे ‘काय होणार’ हा प्रश्न उरत नाही. उरतो तो थोरांना विचारलेला प्रश्न: तुमचं वैर थांबायला किती किंमत लागेल? सिनेमातला बुटका ही प्रस्तावना लांबलचक, कंटाळवाणी म्हणून थट्टेवारी नेतो. विनोद चांगला आहे, पण नेमका तोच प्रश्न दाराबाहेर राहतो.

तरी हा सिनेमा मूर्ख नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो. उद्यानातला शेक्सपिअरचा पुतळा नोमिओला मूळ गोष्ट सांगतो, तिला पॅट्रिक स्ट्यूअर्टचा आवाज आहे. शेवट ऐकून नोमिओ भडकतो, दुसरा शेवट असलाच पाहिजे म्हणतो. पुतळ्याला मात्र मरणाचाच शेवट पसंत. पात्रानं लेखकाशी घातलेला हा वाद आम्हाला फार आवडला. पुढं शेवटी दोघं ढिगाऱ्याखाली गाडले जातात. गेलेच, असं समजून दोन्हीकडची थोर मंडळी वैर सोडतात, आणि मग ती दोघं बाहेर येतात. तेवढा एक क्षण सिनेमानं किंमत मोजली आहे. तिथं तो खरा आहे.

पण टिबल्टचं काय? तो भिंतीवर आपटून फुटतो आणि शेवटी गोंदानं चिकटवलेला, नाचायला हजर! आता सगळंच फुकट झालं. फुटलेलं सगळं सांधता येत असेल, तर वैर सोडायची घाई कुणाला?

मूळ नाटकात शेवटी दोन्ही बाप एकमेकांच्या लेकरांचे सोन्याचे पुतळे उभारायचं वचन देतात. लेकरं जिवंत होती तेव्हा जे जमलं नाही, ते पुतळ्यांपुढं जमतं. सिनेमा पुतळ्यांनाच जिवंत करून सुरू होतो. या योगायोगात मोठं काही दडलं होतं, ते कुणी उकरलं नाही.

कुणी म्हणेल, आपली परंपरा सुखान्ताचीच. खरं आहे. भवभूतीनं ‘उत्तररामचरिता’त राम-सीतेची पुन्हा भेट घडवली. पण कशी? बारा वर्षांच्या विरहानंतर. वाल्मीकीच्या नाटकात राम आपलीच करणी समोर बघतो आणि मूर्च्छित होतो. जे प्रजाजन सीतेला नावं ठेवत होते, तेच तिच्यापुढं वाकतात. तो सुखान्त कमावलेला आहे. आमचं भांडण गोड शेवटाशी नाही, फुकटच्या शेवटाशी आहे.

आम्ही हा सिनेमा सात वर्षांच्या नातीबरोबर पाहिला. संपल्यावर तिनं विचारलं, “आजोबा, खऱ्या गोष्टीत काय होतं?” चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, पण आम्ही क्षणभर टाळायलाच बघत होतो. मग सांगितलं, दोघं मरतात, नंतर घरच्यांचं भांडण मिटतं. ती रडली नाही. म्हणाली, “मग आधीच का नाही मिटवलं?”

याचं उत्तर आम्हाला देता आलं नाही. ते रोमिओच्या बापालाही देता येत नाही.

तेव्हा पालकांना आमचं एवढंच सांगणं: सिनेमा जरूर दाखवा, मुलं हसतील. मग दिवा मालवायच्या आधी दुसरा शेवटही सांगा. आणि पोर काही विचारेल, तर ते ऐकायला थोडं थांबा. आता तुमचे प्रश्न घेऊ.