एका चौकांतील तीन इमारती

मुंबईंतील ज्या चौकास पूर्वीं वेलिंग्टन सर्कल म्हणत आणि आतां श्यामाप्रसाद मुखर्जी चौक हें नांव आहे, तेथील इमारतींची एका दमांत स्तुति करण्याचा प्रघात पडला आहे. मला त्या एका कुळांतल्या वाटत नाहींत. मधलें कारंजें १८६५ सालचें. पण वाहनांच्या गर्दींत त्याकडे पाहण्यास कोणास सवड नसते.

सेलर्स होम, म्हणजे आजचें राज्य पोलिसांचें मुख्यालय, हें फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याचें काम. तें १८७६ सालीं पुरें झालें. त्याच्या दर्शनी शिल्पांत समुद्रदेव नेपच्यून आहे. खलाशांसाठीं हें विलायती घर उभें राहिलें तें मात्र बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीवर! आपण कोठें उभे आहोंत याची त्यास दखल नाहीं. पण निदान त्यांत सोंगही नाहीं.

पलीकडील वस्तुसंग्रहालयाची गोष्ट निराळी. जॉर्ज विटेट यानें कुर्ल्याचा व मालाडचा दगड घेतला आणि त्यावर दख्खनी घुमट चढविला. १९१४ सालीं बांधून झालेली ही इमारत महायुद्धांत लष्करी इस्पितळ होऊन १९२२ सालीं संग्रहालय म्हणून खुली झाली. घुमटाचा डौल मी नाकारीत नाहीं. परंतु आंत जाऊन मान वर करावी. अठराव्या शतकांतील मराठी वाड्याचे खांब, कठडे व सज्जा तेथें बसविले आहेत. ज्या कठड्यास टेकून घरच्या बायकामुलांनीं चौकांतलें लग्नकार्य पाहिलें असेल, तो येथें शोभेची वस्तु झाला. विटेटचे चाहते यास आदर म्हणतात; मला त्यांत जेत्याची निवड दिसते. तथापि आपल्या हातीं राहिलेले कितीक वाडे आपणच पाडले आणि हा कठडा परक्यानें जपला, हेंही कबूल केलें पाहिजे. तो कांटा मला अद्याप उपसतां आलेला नाहीं.

१९३३ सालचें रीगल चित्रपटगृह त्याच स्टीव्हन्सच्या पुत्रानें, चार्ल्सनें, आखलें. बापाचा नेपच्यून येथें नाहीं, विटेटचा घुमटही नाहीं. साध्या सरळ रेषा आणि तिकिटाची खिडकी. खिशांत पैसा असला कीं ती जात पुसत नाहीं. या चौकांत मला ही इमारत सर्वांत प्रामाणिक वाटते.

मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहांस युनेस्कोनें २०१८ सालीं जागतिक वारशाचा मान दिला. त्या शीर्षकांत बाप आहे, लेकही आहे. वाड्याचा कठडा दोहोंपैकीं कोठेंच बसत नाहीं.