फारुकी घराण्याची अखेर : अशीरगडाच्या पतनवृत्तांची चिकित्सा

राजघराण्यांच्या इतिहासात अखेरच्या राजाच्या वाट्याला बहुधा न्याय येत नाही. राज्य बुडाले ही गोष्ट आधी ठाऊक असते आणि मग त्या बुडण्याची कारणे त्याच्या स्वभावात शोधली जातात. खानदेशच्या फारुकी घराण्याचा शेवटचा राजा बहादूरशाह (कारकीर्द १५९७ ते १६०१) याच्यासंबंधी असेच घडले आहे. व्यसनी, भित्रा आणि अदूरदर्शी पुरुष ही त्याची रूढ प्रतिमा. ही प्रतिमा कोणत्या साधनांवर उभी आहे आणि त्या साधनांचे वजन किती, हा येथे विचाराचा विषय आहे.

फारुकी सत्तेचा उगम आजच्या धुळे जिल्ह्यात तापीकाठच्या थाळनेर येथे झाला. फिरोजशाह तुघलकाकडून मलिक राजाला १३७० मध्ये थाळनेरची जहागीर मिळाली आणि १३८२ च्या सुमारास तो स्वतंत्र झाला. त्याचा पुत्र नासिरखान याने अशीरगड हस्तगत केला व बऱ्हाणपूर वसविले. गुजरात, माळवा आणि अहमदनगर यांच्या कोंडीत हे लहान राज्य दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकले, ते मुख्यतः अशीरगडाच्या व मुत्सद्देगिरीच्या बळावर. बहादूरचा पिता राजा अलीखान हा तर या घराण्यातील कर्तबगार पुरुषांपैकी एक. बऱ्हाणपूरच्या त्याच्या जामा मशिदीत संवत् १६४६, शके १५११ या काळाचा संस्कृत शिलालेख असून त्यात फारुकींची वंशावळी दिली आहे. ज्या दरबाराला आपली वंशकथा संस्कृतात कोरून घ्यावीशी वाटली, त्याची प्रकृती केवळ व्यसनाधीनतेच्या कथांवरून ठरविणे धाडसाचे होईल.

अशीरगडाच्या पतनाची मुख्य साधने चार. अबुल फजल व फैजी सरहिंदी हे मोगल पक्षाचे तवारीखकार. तिसरा फिरिश्ता, तो विजापूरच्या आश्रयाने लिहीत होता आणि पतनानंतर थोड्याच वर्षांनी बऱ्हाणपुरास येऊन गेला होता. चौथे साधन म्हणजे जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवर आधारलेला व दु जारिक याने सतराव्या शतकाच्या आरंभी छापलेला वृत्तान्त. यांपैकी अबुल फजल स्वतः या मोहिमेत अधिकारावर होता. त्याची माहिती जवळची खरी, परंतु ती पक्षकाराची आहे. स्वामीला उणेपणा आणील असे काही त्याच्या लेखणीतून उतरेल, ही अपेक्षा व्यर्थ.

मोगल पक्षाच्या कथनात गडावरील रोगराई, गर्दी आणि शिबंदीचे खचलेले मन यांवर भर आहे. जेझुइट वृत्तान्त सांगतो की, शपथ देऊन बहादूरला खाली बोलाविले व अडकवून ठेवले. हबशी किल्लेदाराने तरीही गड दिला नाही. अखेर सरदारांना द्रव्य देऊन दरवाजे उघडविण्यात आले. किल्लेदाराच्या पुत्राचा मृत्यू जेझुइटांच्या मते बादशहाच्या आज्ञेने, तर सरहिंदीच्या मते त्याच्या स्वतःच्या हाताने झाला. व्हिन्सेंट स्मिथ याने १९१७ च्या आपल्या अकबरचरित्रात जेझुइट बाजू जवळजवळ पूर्णपणे स्वीकारली आणि रोगराईची कथा रचलेली ठरविली.

स्मिथचा हा निर्णय जसाच्या तसा ग्राह्य धरता येत नाही. रोगराईचा उल्लेख मोगल आश्रित नसलेल्या फिरिश्त्यानेही केला आहे. त्याच्या मते गडावर सैनिकांबरोबर कारागीर, दुकानदार व असंख्य जनावरे कोंबली गेली होती. दुसऱ्या बाजूस, बहादूर खाली आला तो डिसेंबर १६०० मध्ये आणि गड ताब्यात आला तो जानेवारी १६०१ मध्ये, हे कालान्तर महत्त्वाचे आहे. केवळ रोगानेच गड पडला असता, तर राजा गेल्यावरही शिबंदी आठवडेच्या आठवडे टिकली कशी? रोगाने राजाचा धीर सुटला आणि द्रव्याने सरदारांचा, असे मानल्यास दोन्ही वृत्तान्त परस्परविरोधी न राहता एकाच घटनेचे दोन टप्पे ठरतात.

आता दरबारी जीवनाचा प्रश्न. राजाच्या निकटच्या पुरुष आप्तांना कुटुंबांसह अशीरगडावर ठेवावयाचे आणि वारसा येईल तेव्हाच त्यांना बाहेर काढावयाचे, अशी फारुकींची चाल जेझुइटांनी नोंदविली आहे. बहादूरचे तारुण्यही अशा बंदिवासात गेले, असे फिरिश्त्याच्या कथनावरून दिसते. मद्य, अफू व गायनवादन यांत तो गुंतला होता हा आक्षेपही त्याचाच. परंतु या चालीचे कारण इतिहासात आहे. १५०८ नंतरच्या वारसाकलहात अहमदनगराने एक वारस उभा केला, तर गुजरातच्या महमूद बेगड्याने दुसरा गादीवर बसविला. शेजाऱ्यांच्या हाती वारस पडू न देणे ही या लहान राज्याची गरज होती, असे अनुमान निघते. मात्र ज्या तटबंदीने गादीचे रक्षण झाले, तिनेच गादीवर बसणाऱ्यास सैन्य, महसूल व मुलूख यांच्या अनुभवापासून वंचित ठेवले. दोष व्यक्तीचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे.

याच दृष्टीने चीनच्या छिंग घराण्याची अखेर पाहण्याजोगी आहे. सम्राट क्वांगश्यू १८९८ च्या सुधारणाप्रयत्नानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०८ पर्यंत, राजवाड्याच्याच आवारात अटकेत राहिला. बालसम्राट पूयी १९१२ मध्ये पदच्युत होऊनही १९२४ पर्यंत पेकिंगच्या राजवाड्यातच वाढला. पुढे त्याचे आत्मचरित्र सिद्ध झाले ते विजेत्या राजवटीच्या छायेत, कैदेतील कबुलीजबाबांमधून. तेथे पराभूताने स्वतःविरुद्ध साक्ष दिली, पण ती कोणासाठी दिली हे विसरता येत नाही. बहादूरची तर स्वतःची साक्षही उरलेली नाही.

त्याच्या अविश्वासालाही आधार होता. राजा अलीखान १५९७ मध्ये आष्टीच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना पडला. तो फितूर झाला या समजाने मोगल सैन्यानेच त्याची छावणी लुटली. अशा पित्याच्या पुत्राने शाहजादा दानियालच्या भेटीस न जाणे, ही निव्वळ उन्मत्तता नव्हे.

बहादूरने चुका केल्या नाहीत, असा याचा अर्थ नाही. गडावर अवाजवी गर्दी करणे आणि शपथेवर विसंबून खाली येणे या चुका सर्व साधनांच्या तुलनेनंतरही उरतातच. परंतु त्या चुका म्हणजे त्याचे चरित्र नव्हे. थाळनेरला पहिल्या फारुकींच्या कबरी आजही उभ्या आहेत. शेवटचा फारुकी मात्र ग्वाल्हेरच्या कैदेत पाठविला गेला व खानदेशाबाहेरच मरण पावला. विजयानंतर सुभ्याचे नावही दानियालवरून दानदेश केले गेले. ते नाव टिकले नाही, मुलूख खानदेशच राहिला. विजेत्यांनी दिलेले नाव या भूमीने नाकारले. विजेत्यांनी दिलेली प्रतिमा मात्र तिच्या इतिहासकारांनी अजून पुरती तपासून घेतलेली नाही.